फ्रंट फोकस, बॅक फोकस आणि मेनूतला तो आकडा

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला आणि आपोआप फोकस करणारी मोटर बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यातच बसली. त्याआधीचे एसएलआरमधले (आरशाने लेन्समधलेच दृश्य फाइंडरमध्ये दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांतले) प्रयोग फुटकळच होते. १९८७ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने जुना माउंट (बॉडीला लेन्स जोडायची कडी) मोडीत काढून मोटर थेट लेन्समध्ये घातली. जुन्या लेन्सवाले चिडले, पण पुढे बाकीच्यांनाही तीच वाट धरावी लागली. याच काळात फाइंडरमधला स्प्लिट प्रिझमचा गोल हळूहळू गेला; त्यातले चित्राचे दोन तुकडे जुळले की फोकस बरोबर. मंद, म्हणजे कमी प्रकाश आत घेणाऱ्या झूमवर तो निम्मा काळा पडायचा, हे खरेच. पण त्याच्या जागी आलेली उजळ मॅट स्क्रीन एफ १.४ ची लेन्सही एफ २.८ असल्यासारखी दाखवते. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे भोक (अॅपर्चर) मोठे आणि शार्प पट्टा अरुंद; स्क्रीनवर तो आहे त्याहून रुंद दिसतो. मग हाताने फोकस करणारा फसणारच.

खरा वाद पेटला तो डिजिटलमध्ये. डीएसएलआरमध्ये, म्हणजे डिजिटल एसएलआरमध्ये, फोकस मोजणारे सेन्सर तळाशी असतात. आरशातून पार गेलेला थोडा प्रकाश मागचा छोटा आरसा त्यांच्याकडे वळवतो. तो रस्ता आणि फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरपर्यंतचा रस्ता यांत किंचित फरक पडला, तरी फोकस पुढे किंवा मागे सरकतो; हाच फ्रंट फोकस किंवा बॅक फोकस. ४ बाय ६ च्या प्रिंटमध्ये हे खपून जायचे. स्क्रीनवर १०० टक्के मोठे केल्यावर पापणीऐवजी कान शार्प दिसू लागला. ८५ मिमी, एफ १.४, अंतर दीड मीटर, एवढ्यात शार्प पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा!

२००७ मध्ये वरच्या दर्जाच्या बॉडींच्या मेनूत फोकस पुढे-मागे सरकवून ही चूक भरून काढायला उणे २० ते अधिक २० असे करेक्शन आले. ही सोय म्हणून विकली गेली. माझ्या मते मात्र कारखान्यातले काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले गेले. लोक तिरकी पट्टी मांडून घरीच चाचण्या घेऊ लागले. बरे, एका लेन्सला एकच आकडा, आणि चूक तर अंतरागणिक बदलते. झूमच्या दोन टोकांना दोन आकडे देण्याची सोय २०१२ च्या सुमारास आली. अंतराचा प्रश्न तसाच राहिला. स्वस्त बॉडींना तर हा मेनू बहुधा मिळालाच नाही.

आरसाच नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून हा झगडा बराचसा मिटला. हाताने फोकस करणाऱ्याला पीकिंगही (शार्प कडा रंगाने दाखवायची सोय) मिळाले, पण उघड्या अॅपर्चरला त्यावर विसंबू नये, चित्र मोठे करूनच पाहावे. नवी तक्रार लेन्सवरच्या फोकस रिंगची आहे: बऱ्याच लेन्समध्ये ती नुसती मोटरला इशारा देते आणि जितकी जोरात फिरवाल तितका फोकस जास्त सरकतो. व्हिडिओवाल्यांनी ओरड केल्यावर काही बॉडींत हे बदलायचा पर्याय आला, तोही मेनूतच.