मीटबॉल, राजा आणि साय

एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर करून टाकलं की स्वीडिश मीटबॉल मुळात राजा बारावा चार्ल्स याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून आणलेल्या पाककृतीवर बेतलेले आहेत. तुर्की वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. तेव्हापासून घरी कुणी हे मीटबॉल करायला घेतले की ही गोष्ट ऐकवणारा कुणीतरी भेटतोच. गोष्ट झकास आहे, पण पुरावा तिच्या मानाने फारच पातळ आहे.

राजाचं तिकडे जाणं मात्र खरं. १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाच्या पीटरकडून मार खाल्ल्यावर बारावा चार्ल्स ऑटोमन सुलतानाच्या आश्रयाला गेला आणि बेंदेरजवळ तळ ठोकून बसला. (बेंदेर आज तुर्कस्तानात नाही, मोल्दोवात आहे.) पाहुणा हलेना, खर्च वाढत गेला. शेवटी फेब्रुवारी १७१३ मध्ये सुलतानाच्या सैन्याने त्याच्या तळावर हल्ला करून त्याला पकडलं. त्या धुमश्चक्रीतून ‘कालाबालिक’ हा तुर्की शब्द स्वीडिशमध्ये शिरला. तुर्कीत त्याचा अर्थ गर्दी, स्वीडिशमध्ये झाला गोंधळ, राडा. १७१४ च्या नोव्हेंबरात राजा घोडा दामटत युरोप ओलांडून परतला आणि मागाहून त्याचे सावकारही वसुलीसाठी स्वीडनला पोचले. त्यांनी काही वर्षं तिथेच मुक्काम केला.

या येण्याजाण्यातून एक पदार्थ नक्की रुजला, पण तो मीटबॉल नव्हे. तो आहे ‘कोलदोलमार’, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा. नावातच ‘दोलमा’ आहे, म्हणजे द्राक्षाच्या पानात सारण गुंडाळून केलेला तुर्की पदार्थ. स्वीडनच्या थंडीत द्राक्षाची पानं कुठून आणणार? कोबी मात्र भरपूर. राजा ३० नोव्हेंबर १७१८ ला मारला गेला. त्या तारखेला आता तिथे कोलदोलमारचा दिवस साजरा करतात.

मीटबॉलच्या नावात असं काही सापडत नाही. त्यांना स्वीडिशमध्ये ‘शॉटबुलार’ म्हणतात. स्पेलिंग ‘के’ने सुरू होत असलं तरी उच्चार ‘श’चा, आणि अर्थ सरळ: मांसाचे गोळे. कायसा वार्ग या बाईंच्या १७५५ मधल्या प्रसिद्ध पाकपुस्तकात ते दिसतात. पण कुटलेल्या मांसाचे गोळे तोवर युरोपात ठिकठिकाणी होत होते, त्यामुळे त्यांच्यासाठी राजाला बेंदेरपर्यंत पाठवायची गरज नव्हती. तुर्कीशी आपलंच नातं जास्त पक्कं म्हणायला हवं. आपला ‘खिमा’ तुर्की ‘कियमा’वरून आला आणि ‘कोफ्ता’ फारसीतल्या ‘कुटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून.

तेव्हा हा पदार्थ बड्या घरांचा होता. चांगलं मांस हवं आणि ते सुरीने बारीक करायला हाताखाली माणसं हवीत. सामान्य घरात तो आला एकोणिसाव्या शतकात, खिम्याचं यंत्र आणि लोखंडी चूल आल्यावर. या यंत्राचं श्रेय सहसा कार्ल द्राइस या जर्मन गृहस्थाला देतात. १८१७ मध्ये पायडल नसलेली दुचाकी चालवून दाखवणारा तोच हा. यंत्रामुळे चिवट, स्वस्त मांसही कामाला आलं. चुलीवर तवा ठेवून लोण्यात गोळे परतता येऊ लागले. खिम्यात दुधात भिजवलेला पाव मिसळला की तेवढ्याच मांसात जास्त ताटं व्हायची. आज तो पाव मऊपणासाठी घालतात, पण त्याच्या मुळाशी काटकसरही आहे.

मीटबॉलवर घालतात त्या सायीच्या सॉसचा इतिहास मला राजाच्या गोष्टीपेक्षा रंजक वाटतो. साय हवी तर पूर्वी दूध तासन्‌तास तसंच ठेवून वरून काढून घ्यावी लागे. १८७८ मध्ये गुस्ताफ द लावल या स्वीडिश अभियंत्याने गरगर फिरून दुधातून साय वेगळी करणारं यंत्र आणलं आणि डेअऱ्यांचं गणितच बदललं. पुणेकरांना हे नाव परकं नाही. दापोडीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर अल्फा लावलचा कारखाना आहे, ती कंपनी याच लावलची. तव्यातली खरवड मैदा, मांसाचं पाणी आणि अशा सायीत सोडवून घेतली की सॉस तयार. वरून सोया सॉसचे दोन थेंब, रंगासाठी. तेवढी चीनची हजेरी स्वीडिश आज्यांनाही चालते.

मीटबॉलसोबत वाढतात तो बटाटाही राजाच्या ताटात नसणार. योनास आल्स्ट्रोमर या स्वीडिश उद्योजकाने आलिंगसोस या गावी त्याचा प्रचार सुरू केला तो १७२० च्या दशकात, राजा गेल्यावर. सोबतची लिंगोनबेरी, एक लहान लाल आंबट फळ, मात्र रानातली, जुनीच. तिच्यात नैसर्गिक बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे ती साखर फारशी न घालताही टिकते. सायीच्या जड सॉसला तिचा आंबटपणा हवाच.

हे सगळं जगभर गेलं ते एका फर्निचरच्या दुकानामुळे. आयकियाने १९८५ मध्ये आपल्या उपाहारगृहांत मीटबॉल आणले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद पडल्यावर कंपनीने घरच्यासाठी कृतीच देऊन टाकली: ५०० ग्रॅम बीफ खिमा, २५० ग्रॅम पोर्क खिमा, १०० ग्रॅम ब्रेडक्रम्स, एक अंडं, एक कांदा, एक लसूण पाकळी, ५ मोठे चमचे दूध. गोळे वळून दोन तास फ्रिजमध्ये ठेवायचे, तव्यात बाहेरून तांबूस करायचे आणि मग झाकून १८० अंशावर अर्धा तास ओव्हनमध्ये. स्वीडिश घरांत यात बहुधा ऑलस्पाइस पडतो, कबाबचिनीसारखा दिसणारा पण कॅरिबियन बेटांकडून आलेला मसाला. तो नसेल तर मिरी आणि किंचित जायफळ. गरम मसाला घातलात तर होईल तो कोफ्ता, चांगलाच होईल, पण दुसरा पदार्थ.

भारतात आयकियाचं पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं, ट्विटरवरच्या त्या कबुलीनंतर चारच महिन्यांनी, आणि ताटात चिकनचे व भाज्यांचे गोळे आले. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला दुकान निघालं, तेव्हा ते इकडेही पोचले. घरी करायचे तर आपल्याकडे बहुतेकांच्या हाताशी चिकनचा खिमाच असतो. त्यात चरबी कमी, म्हणून गोळे पटकन कोरडे पडतात. अशा वेळी त्या जुन्या काटकसरी युक्तीचा आधार घ्यावा: पाव दुधात चांगला दहा मिनिटं भिजू द्यावा, न पिळता खिम्यात घालावा, आणि लोणी फेसाळून शांत झाल्यावरच गोळे तव्यात सोडावेत. उलथन्याने टोचू नये. तवा मुठीने धरून गोल हलवत राहिलं की ते आपोआप लोळतात आणि सगळीकडून तांबूस होतात.