गुडघ्याजवळचं गाणं डॅशबोर्डवर आणताना

गाडी उभी करा, काचा वर घ्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून एखादी ख्यालाची बंदिश ऐका. बहुतेक गाड्यांत गायिका समोर बसलेली वाटत नाही. ती उजव्या गुडघ्याजवळून, दाराच्या खालच्या जाळीतून गाते आणि तबला पायांशी कुठेतरी वाजतो. यावर सुचवले जाणारे उपाय ठरलेले असतात: मोठा ॲम्प, डिकीत बेस ट्यूब, मागच्या ट्रेवर आणखी दोन अंडाकृती स्पीकर. यातल्या कशानेही गायिका जागची हलत नाही. तिला समोर आणायचं तर आवाज कुठून येतो आणि कधी येतो, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. वॉटचा हिशेब त्यानंतरचा.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो. त्यामुळे १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, ३,००० हर्ट्झची ११ सेंटिमीटर आणि १०,००० हर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. स्पीकर आपल्या व्यासापेक्षा बऱ्याच लांब लहरी चौफेर पसरवतो. लहर त्याच्या व्यासाएवढी किंवा त्याहून आखूड झाली, की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढेच जायला लागतो. दारात सर्रास बसणाऱ्या साडेसहा इंची स्पीकरचा प्रत्यक्ष हलणारा कागद साधारण १३ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे २,६०० हर्ट्झच्या आसपास त्याचा झोत व्हायला लागतो, आणि तो झोत ऐकणाऱ्याच्या नडगीवर आणि सीटच्या कापडात जिरतो. गायकीतली ‘स’, ‘श’ची धार, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, सतारीची जवारी, सगळं त्याच पट्ट्यात असतं. २५ मिलिमीटरचा ट्वीटर, म्हणजे फक्त वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, हेच स्वर १३,००० हर्ट्झपर्यंत ऐसपैस पसरवू शकतो.

मग कोॲक्सियल स्पीकर का पुरत नाही? त्याच्या मधोमध ट्वीटर असतोच की. असतो, पण तोही पायांशीच. आकाराचा प्रश्न सुटतो, जागेचा तसाच राहतो.

जागेचा प्रश्न खरं तर कानाचा आहे. आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, हे मेंदू दोन वेगळ्या खुणांवरून ओळखतो, हे लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये मांडलं. खालच्या स्वरांसाठी तो दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातला वेळेचा फरक मोजतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. वरच्या स्वरांना डोक्याची आडकाठी होते, म्हणून तिथे दोन कानांमधला तीव्रतेचा फरक कामी येतो. एकातून दुसऱ्याकडे जाणारी सीमा साधारण १,५०० हर्ट्झच्या आसपास आहे. आवाज वरून येतो की खालून, हे मात्र यातल्या कशानेच नीट कळत नाही, कारण समोरून येणारा आवाज उंचीवर असो वा खाली, दोन्ही कानांपासून सारख्याच अंतरावर असतो. उंचीची खूण बाह्यकर्णाच्या वळ्यांमध्ये तयार होते. या वळ्या काही सेंटिमीटरच्या असल्यामुळे त्यांचा परिणाम तेवढ्याच आखूड लहरींवर, म्हणजे मुख्यतः ४,००० ते ५,००० हर्ट्झच्या वरच्या स्वरांवर होतो.

वेगळ्या ट्वीटरचं सगळं मोल इथे आहे. वूफर, म्हणजे खर्ज आणि मध्य वाजवणारा मोठा स्पीकर, दारात खालीच राहू द्या. उंची सांगणारे स्वर जर डॅशबोर्डच्या पातळीवरून येत असतील, तर मेंदू अख्खी गायिका तिथे बसवतो. खर्ज आणि मध्य पायांकडून येत असले तरी त्यांच्यात उंचीची ठळक खूण नसल्यामुळे तेही वर ओढले जातात. मला कार ऑडिओतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि ती साधायला फार पैसेही लागत नाहीत.

ट्वीटरसाठी तीन जागा असतात: बाजूच्या आरशाच्या मागची त्रिकोणी पट्टी, ए-पिलर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) आणि डॅशबोर्डचा कोपरा. डॅशबोर्डवर ठेवून काचेकडे रोखलेला ट्वीटर दिसायला नीटस असतो, पण काचेवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि काही स्वर फुगतात, काही गळतात. ए-पिलरवर तो कानाच्या पातळीला येतो. मात्र पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग बऱ्याच गाड्यांत त्याच आवरणामागून जातात. तिथे स्क्रू मारणं किंवा जड वस्तू चिकटवणं जिवावर बेतू शकतं. म्हणून माझं मत त्रिकोणी पट्टीच्या बाजूने आहे. ती जागा वूफरलाही त्यातल्या त्यात जवळ पडते.

आता स्वरांची वाटणी. वरचे आणि खालचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरकडे धाडणाऱ्या जोडणीला क्रॉसओव्हर म्हणतात. सगळ्यात स्वस्त क्रॉसओव्हर म्हणजे ट्वीटरच्या तारेत जोडलेला एक कपॅसिटर. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर लावला, की साधारण ४,००० हर्ट्झखालचे स्वर कमी व्हायला लागतात. पण त्याचा उतार सप्तकामागे फक्त ६ डेसिबल असतो. २,००० हर्ट्झचे स्वर पुरेसे अडत नाहीत आणि ट्वीटरच्या नाजूक डोमवर, म्हणजे घुमटाकार पडद्यावर, ताण येतो. कंपोनंट सेटसोबत (ज्यात वूफर आणि ट्वीटर सुटे असतात) येणाऱ्या डबीत कॉइल आणि कपॅसिटर मिळून उतार बहुधा १२ डेसिबलचा केलेला असतो. ज्यांना फक्त गाणं चांगलं ऐकायचं आहे, त्यांचं काम या डबीवर आणि चार चॅनेलच्या ॲम्पमधल्या दोन चॅनेलवर होतं.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी डबी काढून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र चॅनेल द्यावा: दोन ट्वीटर, दोन वूफर, एक सबवूफर, मिळून पाच. वाटणी डीएसपीवर (डिजिटल सिग्नल प्रोसेसरवर), म्हणजे ॲम्पच्या आधी, करायची. यात २४ डेसिबलचा उतार सहज मिळतो. ह्यूलेट-पॅकार्डमधले अभियंते सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी वाटणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या या उतारात दोन्ही स्पीकर संधीच्या ठिकाणी, म्हणजे जिथे एकाचे स्वर संपून दुसऱ्याचे सुरू होतात त्या वारंवारतेला, ६ डेसिबलने खाली असतात, एकाच तालात हलतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. गाडीत याचा मोठा उपयोग होतो, कारण वूफर आणि ट्वीटर अर्धा-पाऊण मीटर लांब असतात आणि ३,००० हर्ट्झला लहर फक्त ११ सेंटिमीटरची. दोघं एकच स्वर जितक्या अरुंद पट्ट्यात एकत्र वाजवतील तितका गोंधळ कमी. संधी किती खाली घ्यायची, हे ट्वीटरच्या माहितीपत्रकातल्या अनुनाद वारंवारतेवरून (ज्या स्वराला डोम आपसूक सगळ्यात जास्त हलतो) ठरवावं. तिच्या दुपटीच्या वर राहिलं की डोम सुरक्षित असतो. ॲम्प घेताना एक गोष्ट तपासावी. पुष्कळ ॲम्पमधला हाय-पास फिल्टर (खालचे स्वर अडवणारा) काहीशे हर्ट्झपर्यंतच जातो आणि ट्वीटरसाठी तो निरुपयोगी असतो.

पाच चॅनेलचा खरा फायदा वेगळाच आहे: प्रत्येक स्पीकरला वेगवेगळा विलंब देता येतो. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यापासून उजवा वूफर ८५ सेंटिमीटरवर, डावा १३५ वर, उजवा ट्वीटर ७० वर आणि डावा ११५ वर आहे असं धरू. दोन वूफरमध्ये ५० सेंटिमीटरचा फरक, म्हणजे उजव्याचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद आधी पोचतो. दोन स्पीकरमधला फरक एका मिलिसेकंदाच्या आसपास गेला, की मेंदू आवाजाची जागा आधी पोचणाऱ्या स्पीकरकडेच ठरवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये ग्योटिंगेनच्या आपल्या प्रबंधात दाखवलं, की थोड्या मिलिसेकंदांनी उशिरा येणारी आवाजाची प्रत मूळ आवाजापेक्षा बरीच मोठी असली तरी वेगळी ऐकू येत नाही. पहिली आलेली लहरच बाजी मारते. उजव्या गुडघ्याजवळच्या गायिकेचं कोडं इथे उलगडतं.

या ५० सेंटिमीटरचा आणखी एक जाच आहे. ३४३ हर्ट्झची लहर एक मीटरची असते, म्हणजे ५० सेंटिमीटर ही तिची बरोबर अर्धी लांबी. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून निघालेला हा स्वर ड्रायव्हरच्या डोक्याशी विरुद्ध कलेत (एक लहर चढती, दुसरी उतरती) भेटतो आणि बराचसा पुसला जातो. मानवी आवाजाच्या ऐन मध्यात असा खड्डा पडतो. बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवून हा खड्डा बुजत नाही, कारण वेळ चुकलेली ती चुकलेलीच राहते.

उपाय टेपने मोजण्याइतका सोपा आहे. सगळ्यात लांबचा डावा वूफर शून्यावर ठेवायचा आणि बाकीच्यांना अंतराच्या फरकाइतकं थांबवायचं. आवाज एका मिलिसेकंदात ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्या वूफरला १.४६, डाव्या ट्वीटरला ०.५८ आणि उजव्या ट्वीटरला १.९ मिलिसेकंद. हे आकडे भरताच गायिका दाराजवळून उठून समोर येते. हा बदल पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास पुन्हा चालू-बंद करून पाहतो.

वॉटविषयी थोडक्यात. हेडयुनिटवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर, ‘५० × ४’ छापलेलं असतं. आतला ॲम्प गाडीच्या १४.४ व्होल्टवर चालतो. त्यातून जास्तीत जास्त सुमारे १० व्होल्ट परिणामकारक (आरएमएस) दाब निघतो आणि ४ ओहमवर त्याचे २५-२६ वॉट होतात. प्रत्यक्षात स्वच्छ वॉट २० च्या आसपास मिळतात. स्वतंत्र ॲम्प आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून तो खरोखर ६०-७० वॉट देऊ शकतो. त्यासाठी बॅटरीपासून जाड, शुद्ध तांब्याची तार हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा स्वस्त मिळतात, पण त्यांचा रोध जास्त असतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वितींत असलाच पाहिजे. तो ॲम्पसाठी नसून तारेसाठी असतो: तार पत्र्यावर घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी तो उडतो. यात काटकसर करू नये.

पैसे वाचवायचे तर सबवूफरवर वाचवावेत. बंद केबिनच्या लांबीच्या दुपटीहून लांब लहरींना गाडी आपसूक जोर देते. अडीच मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ७० हर्ट्झखाली सुरू होतं. घरात लागेल त्यापेक्षा बराच लहान सब इथे पुरतो. वाचलेले पैसे दाराला लावावेत. दाराच्या आतल्या पत्र्यात मोठी भोकं असतात. वूफरच्या मागची लहर त्यांतून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. ती भोकं बंद केली आणि बाहेरच्या पत्र्याला ब्यूटाइलचे डॅम्पिंग पट्टे चिकटवले, तर त्याच वूफरमधून डग्ग्याचा घुमारा निघायला लागतो. पाणी निथळायची खालची छिद्रं मात्र बुजवू नयेत, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजतं.

पाच चॅनेलच्या मांडणीत ट्वीटर आणि ॲम्प यांच्यामध्ये काहीच नसतं. सेटिंग चुकून एक क्षण जरी पूर्ण स्वरपट्टा ट्वीटरवर गेला तरी डोम फाटू शकतो. म्हणून आधी डीएसपीत फिल्टर लावावा आणि मगच तार जोडावी. तारेत ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कायमचा ठेवावा. तो ८०० हर्ट्झखालीच काम करतो, त्यामुळे गाण्याला फारसा त्रास होत नाही. ॲम्पचा गेन वाढवून आवाज फाटेपर्यंत वाजवणंही तितकंच वाईट. छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले वरचे स्वर जन्मतात आणि ते सगळे ट्वीटरच्या बारीक कॉइलमध्ये उष्णता होऊन साठतात.

जुळवणी तपासायला माझ्या मते तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. मिरजेत घडणाऱ्या या वाद्याच्या जवारीतून षड्जाचे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात, म्हणजे एकच तार वूफर आणि ट्वीटर दोघांत वाटली जाते. नुसता तानपुरा लावावा. बोल खालून आणि झंकार वरून असे दोन तुकडे ऐकू आले, तर विलंब किंवा संधी चुकली आहे. झंकार पोकळ वाटला, तर दोन्ही ट्वीटरच्या तारांचे टोक उलटे करून पाहावेत आणि ज्या जोडणीत स्वर भरीव लागेल ती ठेवावी. ट्वीटर टोचत असेल तर इक्वलायझरला हात न लावता त्याची पातळी आधी अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने उतरवावी. आपला कान ३,००० ते ४,००० हर्ट्झला सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे एवढासा फरकही जाणवतो.

हे विलंब एकाच सीटसाठी बरोबर असतात. ड्रायव्हरसाठी साधलेली जुळवणी शेजारी बसलेल्याला आणखी बिघडलेली ऐकू येते. डीएसपीत दुसरा प्रीसेट घरच्यांसाठी राखून ठेवावा: दोन्ही वूफर शून्यावर आणि दोन्ही ट्वीटरना सारखाच अर्धा मिलिसेकंद. गायिका मग अगदी मधोमध बसणार नाही, पण डॅशबोर्डच्या उंचीवर राहील, दोन्ही सीटसाठी.