राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण : भारत सरकारच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाशी संलग्न असलेली संस्था. मुख्यालय नवी दिल्ली. आयुष्मान भारत–प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ही मोफत रुग्णालयीन उपचारांची योजना आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही दोन मोठी कामे तिच्याकडे आहेत. पहिल्या कामात उपचाराचे पैसे कोणासाठी, कोणत्या रुग्णालयाला आणि किती द्यायचे याची संगणकीय यंत्रणा ती चालवते. दुसऱ्या कामात एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला रुग्णाच्या परवानगीने पाहता यावी, यासाठी लागणारी व्यवस्था ती उभी करते. प्राधिकरण स्वतः एकही रुग्णालय चालवत नाही, आणि डिजिटल मिशनमध्ये रुग्णांच्या फायलीही त्याच्याकडे नसतात. या संस्थेविषयीचे बरेच गैरसमज ही शेवटची गोष्ट ठाऊक नसल्यामुळे होतात.

स्थापना : गरीब कुटुंबांच्या रुग्णालयाच्या खर्चासाठी केंद्राने २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली होती. तीत पाच जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण आणि एक स्मार्ट कार्ड मिळे. हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाच्या उपचारांपुढे ही रक्कम फारच तोकडी होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात आयुष्मान भारतची घोषणा झाली, आणि ११ मे २०१८ रोजी ‘नॅशनल हेल्थ एजन्सी’ या नावाने एक सोसायटी नोंदवण्यात आली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत जन आरोग्य योजना सुरू झाली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने या सोसायटीच्या जागी सध्याचे प्राधिकरण आले. केंद्रीय आरोग्यमंत्री त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असतात. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो, डॉ. इंदू भूषण हे पहिले, आणि त्यांच्यानंतर २०२१ मध्ये आधार प्राधिकरणाचे माजी महासंचालक डॉ. आर. एस. शर्मा आले. कोविड लसीकरणाच्या कोविन प्रणालीची धुराही शर्मा यांच्याकडेच होती.

दाव्यांची यंत्रणा : योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मर्यादा नाही. पात्रता ठरवायला २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेचा आधार घेतला गेला; त्यातून सुरुवातीला दहा कोटींहून अधिक कुटुंबे निवडली गेली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, योजनेत घेतले आहे. खर्चाचा वाटा बहुतेक राज्यांत केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा असतो. ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांसाठी तो ९०:१० आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर सारे काम रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापाशी सुरू होते. आधारच्या साहाय्याने ओळख पटवली की आयुष्मान कार्ड निघते. मग डॉक्टरने सुचवलेला उपचार ठरलेल्या यादीतल्या ज्या पॅकेजात बसतो ते निवडून, रिपोर्ट जोडून, पूर्वपरवानगीची मागणी संगणकावरून जाते. २०२२ च्या यादीत अशा १,९४९ उपचारप्रक्रिया होत्या आणि प्रत्येकीचा दर ठरलेला. परवानगी आली की उपचार होतात, घरी सोडल्यावर रुग्णालय दावा दाखल करते आणि राज्याची आरोग्य संस्था तो तपासून पैसे देते. दाखल होण्यापूर्वीच्या तीन आणि घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषध-तपासणीचा खर्चही पॅकेजातच येतो. रुग्णाने पैसे भरायचे आणि मागाहून मिळवायचे, ही जुनी पद्धत इथे नाही. गरीब माणसासाठी तोच या यंत्रणेचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण भरायला पैसेच नसतात तिथे परताव्याच्या आश्वासनाचा काही उपयोग नसतो.

दुसरा गुण म्हणजे एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालणे. कारखान्याच्या हंगामात परराज्यात गेलेला ऊसतोड मजूर किंवा मुंबईत राबणारा बिहारचा बांधकाम कामगार आजारी पडला, तर योजनेत असलेल्या तिथल्याच रुग्णालयात उपचार घेऊ शकतो. दोन राज्यांच्या संस्थांमधला हिशेब यंत्रणा मिटवते. एका सामाईक प्रणालीवाचून हे शक्य झाले नसते.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्र या वाटेवर केंद्राच्या जन आरोग्य योजनेच्या आधीच निघालेला होता. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळत. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची योजना आल्यावर दोन्हींची सांगड घालण्यात आली आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी त्या एकत्रित चालवू लागली. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय केला. गावात मात्र लोक अजूनही ‘जीवनदायीत बसतंय का?’ असेच विचारतात. गोव्यातही २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि तिथल्या बहुतेक कुटुंबांचा आधार तीच आहे. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय असल्याने प्राधिकरणाला प्रत्येक राज्याशी करार करूनच पुढे जावे लागते. पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये योजनेतून बाहेर पडला, तर ओडिशा आणि दिल्ली २०२५ मध्ये आत आले.

आभा आणि आयुष्मान कार्ड : या दोहोंत इतका घोळ होतो की तो इथे निस्तरणे गरजेचे आहे. आयुष्मान कार्ड हे हक्काचे कार्ड आहे; ते पात्र माणसालाच मिळते आणि त्यावर मोफत उपचार होतात. आभा म्हणजे ‘आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट’. हा चौदा अंकी क्रमांक कोणीही काढू शकतो, श्रीमंत असो वा गरीब. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. तो फक्त ‘ही नोंद याच माणसाची’ हे सांगतो. तो घेणे ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून सरकारी रुग्णालयात उपचार नाकारता येत नाहीत. शिबिरात आभा काढून घेतलेल्या माणसाला वाटते की आपले मोफत उपचारांचे कार्ड झाले, आणि ऐन वेळी काउंटरवर त्याला कळते की तसे नाही. दोन्ही नावांत ‘आयुष्मान’ ठेवल्याचा हा परिणाम आहे. तेवढे नाव वेगळे ठेवले असते तर कितीतरी लोकांचा हेलपाटा वाचला असता.

डिजिटल मिशनची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून केली. आधी चंडीगड, लडाख, लक्षद्वीप, पुदुच्चेरी, अंदमान व निकोबार आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव या सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याची चाचणी झाली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर लागू झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. आभाखेरीज डॉक्टर-परिचारिकांची एक आणि रुग्णालये, प्रयोगशाळा, औषधदुकाने यांची एक अशा दोन नोंदवह्या हे त्याचे इतर खांब.

नोंद कशी फिरते : आपल्याकडे घरोघरी कपाटात एक प्लास्टिकची पिशवी असते. तीत जुने केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि शाई उडालेल्या चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात. मोठ्या डॉक्टरकडे जाताना ती पिशवी काखेत असते आणि नेमका हवा तो कागद तीत नसतो. डिजिटल मिशनला या पिशवीला पर्याय द्यायचा आहे.

समजा, बार्शीतल्या एका बाईंची तपासणी तिथल्या रुग्णालयात झाली आणि तिचा रिपोर्ट त्यांच्या आभाशी जोडला गेला. रिपोर्ट बार्शीच्या रुग्णालयाच्याच संगणकात राहतो. दिल्लीतल्या एखाद्या कोठारात तो जात नाही. पुढे पुण्यात दाखवायची वेळ आली की पुण्याचे रुग्णालय मागणी पाठवते: कोणत्या प्रकारच्या नोंदी हव्यात, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या, आणि किती काळ त्या पाहायच्या. ही मागणी बाईंच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसते. त्या होकार देऊ शकतात, नकार देऊ शकतात, काही नोंदी वगळू शकतात आणि दिलेला होकार नंतर मागेही घेऊ शकतात. होकार मिळाला तरच बार्शीहून कुलूपबंद सांकेतिक रूपात नोंद पुण्याला जाते. मधली संमती पाहणारी यंत्रणा ती नोंद वाचू शकत नाही. कोणी, कोणाला, कशासाठी होकार दिला एवढेच तिला कळते. दोन्ही गावांचे संगणक वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांची भाषा समजावी म्हणून ‘फायर’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरवून दिलेला आहे.

रचना म्हणून ही गोष्ट उत्तम आहे. पण तिचा सारा भार ‘होकार’ या एका शब्दावर आहे. मोबाइल नातवाच्या हातात असतो, ओटीपी आरोग्यसेविका विचारून टाकते आणि रांगेत मागे चाळीस माणसे उभी असतात. अशा वेळी तो होकार समजून दिलेला असतो का, हे कोणतेही ॲप सांगू शकत नाही. कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांचे आरोग्य ओळख क्रमांक (आभाचे तेव्हाचे नाव) त्यांच्या नकळत तयार झाले, अशी तक्रार तेव्हा जाहीरपणे झाली होती, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. आभा क्रमांकांची संख्या आता ७० कोटींच्या वर गेली आहे. तरी क्रमांक निघाला म्हणजे त्यामागे नोंदी आल्या असे होत नाही, आणि नोंदी आल्या तरी त्या माणसाला कळून आल्या असेही होत नाही.

सर्वांत लवकर रुळलेली सोय तुलनेने साधी आहे. ओपीडीच्या खिडकीपाशी लावलेला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता रुग्णालयाकडे जातो आणि केसपेपरसाठी टोकन मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सुरू झाली. पहाटेपासून रांग धरणाऱ्या माणसाला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आक्षेप : भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ मधील अहवालात जन आरोग्य योजनेतील ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले, तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. पडताळणी आधारवर होते, मोबाइल क्रमांकावर नाही, असा खुलासा सरकारने केला. तो खरा धरला तरी रुग्णाशी पुढे संपर्क साधायचा मार्गच त्या नोंदीत उरत नाही. बोगस दाव्यांसाठी प्राधिकरणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि संशयास्पद दावे संगणकाने वेगळे काढले जातात.

कायद्याचा प्रश्न याहून खोल आहे. आधार प्राधिकरणामागे २०१६ चा अधिनियम आहे. आरोग्य प्राधिकरण मात्र सरकारी निर्णयाने आले, त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. आरोग्य-माहितीच्या संरक्षणासाठी २०१८ मध्ये एका कायद्याचा मसुदा निघाला होता, तो पुढे गेला नाही. डिसेंबर २०२० चे आरोग्य-माहिती व्यवस्थापन धोरण आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात आजाराच्या माहितीला वेगळा, अधिक संवेदनशील दर्जा नाही. एखाद्याचा क्षयरोग, गर्भपात किंवा मानसिक आजार यांची नोंद आणि त्याच्या किराणा खरेदीची नोंद या अधिनियमाच्या लेखी एकाच पातळीवर येतात, हे पटणारे नाही.

नोंदी एकाच कोठारात नसल्याने एक मोठा धोका टळतो, मात्र मग प्रत्येक रुग्णालयाचे स्वतःचे कुलूप मजबूत असावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात जवळपास दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. एम्सची ती प्रणाली प्राधिकरणाची नव्हती, पण जोडलेल्या जाळ्यात एका ठिकाणचा दुबळेपणा सर्वांचा होतो.

लहान दवाखाने : देशातले बहुसंख्य रुग्ण पहिल्यांदा जातात ते एका खोलीच्या खासगी दवाखान्यात. तिथे संगणक नसतो, डॉक्टर तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून देतात. १ जानेवारी २०२३ पासून प्राधिकरणाने डिजिटल नोंदींसाठी प्रोत्साहन योजना आणली. ठरलेल्या संख्येच्या वर जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे तीत २० रुपयांपर्यंत रक्कम ठेवली होती. मोठ्या रुग्णालयांना आणि प्रयोगशाळांना ते परवडते, कारण त्यांची नोंद आधीच संगणकात असते. गल्लीतल्या डॉक्टरला मात्र संगणक, सॉफ्टवेअर आणि टंकायला माणूस असे सारे नव्याने उभे करावे लागते, आणि तोवर त्याच्या रुग्णांची पिशवी कपाटातच राहते.