राणीछाप रुपया: ठोकलेला की ओतलेला?

आत्ता माझ्यासमोर टेबलावर दोन रुपये पडलेत. दोन्ही १९०१ चे, दोन्हीवर मुकुटवाली व्हिक्टोरिया. एक आजीच्या पेटीतला आणि दुसरा मी हौसेने विकत घेतलेला, म्हणजे घेऊन फसलेला. फोटोत बघितले तर भलेभले चकतील, हातात घेतले की मात्र पाच मिनिटांत उलगडा होतो, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

आपण सगळे आधी विचारतो "चांदी आहे का?" आणि घोळ तिथेच सुरू होतो. चांदी आहे का आणि नाणं खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९४७ चा वाघवाला रुपया लोहचुंबकाला टक्कन चिकटतो, लगेच लोक म्हणतात नकली, अरे बाबा तो निकेलचाच आहे, सरकारनेच तसा काढलाय. १९४० ते ४५ चे रुपये निम्मेच चांदीचे, ते झिजले की जरा पिवळट मळकट दिसतात, तेही बिचारे उगाच बदनाम होतात. उलट बाजूला, धनत्रयोदशीला सराफाकडे राणीचं नाहीतर पंचम जॉर्जचं तोंड असलेली नवी कोरी नाणी मिळतात, चांदी अगदी चोख, पण टांकसाळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. म्हणून मी आधी बघतो ते नाणं ठोकलंय की ओतलंय.

टांकसाळीत काय व्हायचं, तर चांदीची गोल चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवून प्रचंड दाबाने ठोकायची. धातू वितळत नाही, दाबाखाली सरकून ठशाच्या कानाकोपऱ्यात घुसतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि मधली सपाट जागा, जिला नाणेवाले फील्ड म्हणतात, ती गुळगुळीत. नकली करणारा सहसा खऱ्या नाण्यावरून साचा काढतो आणि त्यात वितळलेला धातू ओततो. ओतलेला धातू गार होताना थोडा आकसतो आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. म्हणून माझ्या नकली रुपयावर दहा पट भिंगातून राणीच्या गालावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि फील्ड कसं, तर थंडीत हाताला काटा येतो ना, तसं. आजीच्या रुपयावर ओरखडे भरपूर आहेत पण असा एक खड्डा नाही. (ठसे वापरून ठोकलेल्या नकलाही असतात, त्या अवघड, तिथे अस्सल नाणं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघावं लागतं.)

झिजेत तर सगळ्यात जास्त लोक फसतात. जुनं आहे, पुसट असणारच, असं आपण स्वतःलाच समजावतो. पण खरं नाणं झिजतं ते उंचवट्यांवर. आजीच्या रुपयावर राणीचा गाल आणि मुकुटाचा वरचा भाग घासून सपाट झालाय, पण अक्षरांच्या खाचेत, पोशाखाच्या नक्षीच्या खोलगट भागात अजून सगळं कुरकुरीत आहे आणि तिथेच काळपटपणा बसलाय. नकली रुपया सगळीकडे सारखाच पुसट. जिथे बोट पोचूच शकत नाही तिथेही अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी मऊ. काळेपणा पण सगळीकडे एकसारखा फासलेला.

मग कड बघा. खऱ्यावर उभ्या रेघा एकसारख्या अंतराने, नख फिरवलं की खरखर जाणवतं. माझ्या नकलीच्या कडेला एका ठिकाणी रेघा अचानक भरून गेल्यात, कारण तिथून धातू ओतला होता आणि नंतर कानस मारली. कधी साच्याच्या दोन भागांचा सांधा पूर्ण कडेने बारीक रेषेसारखा फिरतो. फक्त १९४० नंतरच्या रुपयांच्या कडेवर रेघांबरोबरच मुद्दाम केलेली नक्षी असते, नकला रोखायला, ती बघून सांधा समजू नका.

वजनाचं सोपंय. १९४० च्या आधीचा एक रुपया म्हणजे एक तोळा, १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. झिजलेलं नाणं ११.४ वगैरे भरेल, चालतं. जर्मन सिल्व्हरमध्ये, ज्यात नाव सोडून चांदी औषधालाही नसते, तेवढ्याच साइझचं नाणं केलं तर साधारण पावणेदहा ग्रॅमच भरतं, म्हणून करणारा ते जाड करतो. मग वजन बरोबर आणि जाडी चूक. हे पकडायला पाण्याची युक्ती भारी आहे: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता काटा दाखवेल ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. खऱ्या रुपयाला सुमारे १.१३ ग्रॅम यायला पाहिजे, जर्मन सिल्व्हरला १.३५ च्या आसपास येतं. माझ्या नकलीला १.३४ आलं, तेव्हा खरंच पोटात खड्डा पडला.

आवाजाबद्दल मात्र जपून. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकं टिचकवलं की खरं नाणं खणकन वाजून गुणगुणत राहतं, ओतलेलं बद्द वाजतं, हे बरोबर. पण कधीकाळी माळेत ओवायला कडी डाखलेलं असेल, किंवा बारीक तडा असेल, तर अस्सल नाणंही बद्द वाजतं. बर्फाची टेस्ट विसराच, मुलामा दिलेलं तांबं पण बर्फ तसाच वितळवतं. आणि ॲसिडचा थेंब टाकून किंवा घासूनपुसून चकचकीत करून बघायचं तर अजिबात नाही, नाणं खरं निघालं तरी संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत गेली.

आणखी एक, फुकटची तपासणी म्हणजे वाचन. १८७६ पर्यंतच्या नाण्यावर "व्हिक्टोरिया क्वीन" आणि १८७७ पासून "व्हिक्टोरिया एम्प्रेस". एखाद्यावर साल १८८५ आणि राणीच्या बाजूला क्वीन असेल तर वजनकाटा काढायचीही गरज नाही.

सगळ्यात वात्रट प्रकार १९३९ च्या रुपयाचा. तो दुर्मिळ, आणि १९३८ चा सहज मिळतो, म्हणून ८ कोरून त्याचा ९ करतात. इथे धातू खरा, वजन खरं, पाणी १.१३ च दाखवणार, खणखणीत वाजणार, कारण नाणं खरंच टांकसाळीतलं आहे, खोटा आहे तो एक आकडा. तिथे भिंग फक्त शेवटच्या ९ वर धरायचं आणि त्याच्या शेजारच्या ३ शी ताडायचा: आकड्याभोवतीची जागा खरवडल्यासारखी आहे का, वळण तुटल्यासारखं आहे का, उंची शेजारच्या आकड्याएवढी आहे का.