वस्तीतील वीज वितरण साधने आणि सुरक्षितता

उपकेंद्रातून निघालेली वीज घराघरांत पोहोचवणारे खांब, तारा, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेट्या) आणि भूमिगत केबल यांच्या आसपास वावरताना व काम करताना घ्यावयाच्या खबरदारीचा या विषयात समावेश होतो. ही साधने रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे त्यांच्याखालून जाताना कोणी मान वर करत नाही, आणि अनेक अपघातांचे मूळ या सवयीतच असते.

वितरण जाळ्यातील उच्चदाब तारांमध्ये काही हजार व्होल्टपासून सुमारे ३३,००० व्होल्टपर्यंत दाब असतो आणि रोहित्र तो घरगुती वापराच्या पातळीवर उतरवते. एकाच खांबावर दोन्ही प्रकारच्या तारा असल्यास उच्चदाबाच्या तारा सहसा वर असतात. रोहित्राचा घुमणारा आवाज हा बिघाड नव्हे. ५० हर्ट्झच्या प्रवाहाने त्याचा लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा सूक्ष्म प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतो, त्याचा तो आवाज असतो. तडतड, ठिणग्या किंवा तेलाची गळती दिसल्यास मात्र वीज वितरण कार्यालयाला कळवावे. जमिनीवरच्या पेट्यांचे दार उघडे किंवा कुलूप तुटलेले दिसले, तर ते स्वतः ढकलून लावण्याच्या फंदात पडू नये.

खांबांवरील तारा बहुधा उघड्या असतात. काहींवर काळपट आवरण दिसते, पण ते अनेकदा केवळ ऊन-पावसासाठी असते आणि त्याच्या भरवशावर तारेला हात लावता येत नाही. पक्षी तारेवर निर्धास्त बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जवळजवळ समान दाबावर असतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील धातूची शिडी त्या तारेला टेकली, की प्रवाहाला शरीरातून जमिनीत उतरण्याची वाट मिळते. ११,००० व्होल्टची ठिणगी हवेतून एखाद-दोन सेंटीमीटरच उडते, तरी अशा तारांपासून निदान ३ मीटर दूर राहण्यास सांगितले जाते. शिडी कलते, लांब पाइप हातात फिरतो आणि वाऱ्याने तार झुलते, या सगळ्यांचा हिशेब त्या अंतरात धरलेला आहे. तारेत अडकलेला पतंग काठीने काढणे, तारेला टेकलेली फांदी छाटणे किंवा खांबाच्या तणाव्याला (खांबाला आधार देणाऱ्या तिरप्या तारेला) जनावर बांधणे ही कामे त्यामुळेच धोक्याची ठरतात.

शरीराची हानी दाबापेक्षा शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहावर आणि त्याच्या कालावधीवर अवलंबून असते. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू इतके आखडतात, की पकडलेली वस्तू सोडवत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून काही काळ वाहिल्यास हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या अंगाचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) १,००० ओहमच्या आसपास धरला, तर घरगुती २३० व्होल्टनेही सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. रबरी चपलेवर टाकलेला विश्वास उच्चदाबापुढे तर निव्वळ भाबडा आहे.

सर्वांत फसवा धोका तुटून पडलेल्या तारेचा असतो. कोरडी वाळू किंवा डांबर यांवर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असू शकतो, की संरक्षक यंत्रणेला दोष जाणवतच नाही. तार ठिणगी न उडवता, आवाज न करता पडून राहते आणि तरीही तिच्यात वीज असते. काही ठिकाणी बंद पडलेला पुरवठा स्वयंचलित यंत्रणा काही क्षणांत पुन्हा सुरू करते, म्हणून ‘आता वीज गेली आहे’ हा अंदाजही जिवावर बेतू शकतो. शिवाय प्रवाह जमिनीत पसरत असताना तारेपासून दूर जावे तसा जमिनीचा दाब घटत जातो. माती एकसारखी मानून, स्पर्शबिंदूपासून १ मीटरवर हा दाब ३,००० व्होल्ट आहे असे समजले, तर २ मीटरवर तो १,५०० व्होल्ट असेल, म्हणजे त्या एका पावलाच्या दोन टोकांत १,५०० व्होल्टचा फरक पडेल. उलट १० आणि ११ मीटरमधला फरक अवघा २७ व्होल्टांच्या आसपास राहील. पुढच्या-मागच्या पायांत जास्त अंतर असल्यामुळे गाई-म्हशी अशा जागी माणसांपेक्षा लवकर बळी पडतात. निदान १० मीटर दूर राहण्याचा नियम यातूनच आला आहे, आणि चुकून जवळ गेलेल्याने ढांगा न टाकता दोन्ही पावले जुळवून, जमिनीवरून न उचलता थोडी थोडी सरकवत मागे यावे. वाहनावर तार पडल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आतच बसावे. वाहनाला आग लागली तरच, वाहन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा बेताने दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी घ्यावी.

शॉक लागलेल्या व्यक्तीला ओढून काढण्याची ऊर्मी स्वाभाविक असली, तरी पुरवठा बंद होण्याआधी तिला हात लावणारा स्वतःच दुसरा बळी ठरू शकतो. घरगुती दाबाच्या अपघातात मुख्य स्विच बंद करता येतो, पण उच्चदाब तारेच्या बाबतीत लाकडी काठीही भरवशाची नसते.

भूमिगत केबलचा धोका खोदकामात उद्भवतो. केबलच्या वर पुरलेली इशारापट्टी किंवा विटांचा थर लागला, की काम थांबवणे इष्ट. घरगुती जनरेटरचा धोका मात्र उलट दिशेने जातो. तो मुख्य पुरवठ्यापासून घर तोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचविना जोडल्यास त्याची वीज रोहित्रात उलटी शिरते आणि तेथे पुन्हा हजारो व्होल्टवर चढते. म्हणूनच लाइनमन, पुरवठा बंद केल्यावरही, तारेत वीज नसल्याची चाचणी घेतो आणि ती तार अर्थिंगला जोडल्यावरच तिला हात लावतो.