डोंगराच्या पोटातलं पाणी: ते चालतं कसं हे कळायला एवढी वर्षं का लागली

आमच्या साताऱ्याकडच्या घाटातला रस्ता रुंद केला तेव्हा डोंगर उभा चिरला गेला आणि आतलं सगळं उघडं पडलं. वर हातभर तपकिरी माती, खाली मुरूम, मग विटकरी रंगाचा एक पट्टा आणि त्याच्याखाली काळा कातळ. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी त्या विटकरी पट्ट्याच्या बरोब्बर वरनं पाणी पाझरत होतं, खालचा कातळ कोरडा ठक्क. ठेकेदारानं पुढं दगडी भिंत घातली पण पाणी जायला भोकंच ठेवली नाहीत, दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीनं पोट काढलं आणि रस्त्यावर आली. तेव्हापासनं हा विषय डोक्यात बसलाय.

आपल्याकडं ह्याचा विचार फार जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत उदकार्गल नावाचा अख्खा अध्याय जमिनीखालच्या पाण्यावर लिहिलाय, माणसाच्या अंगात जशा शिरा तशा जमिनीतही वर-खाली शिरा असतात म्हणतो, कुठल्या झाडाजवळ वारूळ असलं की किती खोल पाणी लागेल तेही सांगतो. आमचे पाणाडी आजही 'शीर सापडली' असंच म्हणतात (नारळ हातावर उभा राहतो वगैरे भाग सोडून द्या). युरोपात मात्र बरीच शतकं लोकांना वाटायचं की समुद्राचं पाणीच जमिनीखालच्या पोकळ्यांतनं वर चढून झऱ्याला येतं. १६७४ मध्ये पेरो नावाच्या फ्रेंच माणसानं सेन नदीच्या उगमाकडच्या भागाचा साधा हिशोब मांडला, तिथं पडणारा पाऊस नदीतनं जाणाऱ्या पाण्याच्या साधारण सहापट निघाला, म्हणजे झऱ्यांना पाऊसच पुरून उरतो. पुढं १८५६ मध्ये दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं वाळूतनं पाणी किती वेगानं जातं त्याचा नियम दिला.

खरी गंमत विसाव्या शतकातली आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत हॉर्टननं सांगितलं की जमीन जेवढं पिऊ शकते त्यापेक्षा जोरात पाऊस आला की उरलेलं पाणी वरनं वाहतं आणि पूर येतो. पटण्यासारखंच आहे, उघड्या माळावर तसंच होतं. पण दाट जंगलात कितीही पाऊस पडो, उतारावरनं पाणी वाहताना दिसतच नाही आणि तरी ओढा फुगतो. मग नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटाच्या जंगलात हर्श आणि नंतर ह्यूलेट ह्या संशोधकांनी हे प्रकरण धरून ठेवलं. ह्यूलेटनं सिमेंटचा तिरका हौद बांधला, त्यात माती भरली, पाण्यानं तुडुंब भिजवली आणि वरनं प्लॅस्टिक झाकलं, म्हणजे पाऊस नाही, ऊन नाही. महिना उलटून गेला तरी खालच्या तोंडातनं पाणी ठिबकतच होतं! उन्हाळ्यात ओढा कशावर तग धरतो ते त्या हौदानं दाखवलं.

मग न्यूझीलंडमधल्या मैमाईच्या डोंगरावर भांडण लागलं. १९७९ मध्ये मोझलीनं रंग टाकून बघितला, रंग मुळं कुजून झालेल्या भोकांतनं भराभर खाली आला, म्हणजे पुराचं पाणी आजच्याच पावसाचं. १९८६ मध्ये दुसऱ्यांनी पाण्यातला जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन मोजला (नव्या पावसात आणि मुरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यावरनं कुठलं पाणी ते ओळखता येतं), तर पुरात बहुतेक पाणी जुनं निघालं, आधीपासनं डोंगरात मुरून बसलेलं. आता दोन्ही खरं कसं? १९९० मध्ये मॅकडॉनेलनं जुळवलं, नवं पाणी भोकांतनं झपकन खडकापर्यंत जातं, तिथं तुंबतं, मातीतल्या जुन्या पाण्यात मिसळतं आणि मग दोन्ही मिळून खालच्या भोकांतनं बाहेर पडतं.

आपल्या सह्याद्रीत ह्याच्यावर आणखी एक भानगड आहे, थरांची. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हा एकावर एक पसरत गेला, मधे उसंत मिळाली की वरचा थर कुजून लाल माती व्हायची आणि पुढचा लाव्हा तिला भाजून काढायचा. आमच्या घाटातला विटकरी पट्टा तो हाच. ती माती चिकट, पाणी सहसा खाली सोडत नाही, म्हणून डोंगराच्या कुशीत एकाच उंचीवर ओळीनं झरे फुटतात आणि जुन्या वाड्या बऱ्याचदा त्याच ओळीला धरून बसलेल्या दिसतात. वर कासच्या पठारावर जांभा, तो सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो आणि सावकाश सोडतो.

पण जे तुंबलेलं पाणी झरा देतं तेच दरडही आणतं. माती-मुरूम आणि कातळ ह्यांच्या सांध्यात पाण्याचा दाब वाढला की वरचं ओझं जणू उचललं जातं, मातीची पकड सुटते. २२ जुलै २०२१ च्या रात्री प्रचंड पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, माणसं गेली. उतारावर नवी भेग, अचानक फुटलेलं उपळ किंवा चालता झरा एकदम गढूळ होणं, हे दिसलं की घर सोडायचं, पंचायतीची वाट बघत बसायचं नाही.

आमच्या घाटातली भिंत नंतर परत बांधली, ह्या वेळी पाइपांच्या दोन ओळी टाकून. परवा उघाडीत थांबून बघितलं, वरची ओळ कोरडी होती, खालची, त्या विटकरी पट्ट्याजवळची, करंगळीएवढ्या धारेनं चालू होती आणि पाणी एकदम नितळ.