कार्लॉफ, बॉरिस

कार्लॉफ, बॉरिस : (२३ नोव्हेंबर १८८७ – २ फेब्रुवारी १९६९). रंगभूमी, चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी या चारही माध्यमांत काम केलेला ब्रिटिश चरित्रनट. मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागात, ईस्ट डलिच येथे. फ्रँकन्स्टाइन (१९३१) या चित्रपटातील, शास्त्रज्ञाने प्रेतांच्या अवयवांतून घडवलेल्या राक्षसाच्या भूमिकेमुळे त्याचे नाव भयपटांशी कायमचे जोडले गेले. ही ओळख खोटी नसली तरी अपुरी आहे. ती भूमिका मिळाली तेव्हा तो चव्वेचाळिशीला टेकला होता आणि फिरत्या नाटक कंपन्या व मूकपट यांतील सुमारे वीस वर्षांची उमेदवारी त्याच्या पाठीशी होती. ब्रिटिश नट म्हणून तो नोंदला जात असला, तरी त्याचे रंगभूमीवरील जवळजवळ सर्व कार्य कॅनडा व अमेरिकेत झाले.

घराणे : कार्लॉफच्या वंशाचा प्रश्न त्याच्या हयातीत बव्हंशी झाकलेला राहिला. वडील एडवर्ड जॉन प्रॅट हे हिंदुस्थानात सरकारी नोकरीत, मीठ-महसूल खात्यात होते. त्यांचे वडील इंग्रज व आई हिंदी होती, असे आता सामान्यतः मानले जाते. आई एलायझा सेरा मिलार्ड ही त्यांची तिसरी पत्नी. तिचा जन्म १८४८ मधील, गुजरातेतला, आणि विवाह ७ ऑक्टोबर १८६४ रोजी सुरतेस झाला. तिचे वडील जेम्स मिलार्ड हे तोफखान्यात सार्जंट-मेजर होते व त्यांनी १८४५ मध्ये डीसा येथे एलायझा जूलिया एडवर्ड्‌स हिच्याशी लग्न केले होते.

या एलायझा जूलियाची धाकटी बहीण म्हणजे सयामच्या (आताचे थायलंड) दरबारात शिक्षिका म्हणून गाजलेली ॲना लिओनोवेन्स. नात्याने ती कार्लॉफच्या आईची मावशी. ॲनाने आपला जन्म वेल्समधील कर्नार्व्हन येथे एका लष्करी कप्तानाच्या घरी झाल्याचे सांगितले होते आणि तिच्या आत्मकथनपर लेखनामुळे हे बराच काळ खरे धरले गेले. ब्रिस्टो या इंग्रज संशोधकाने १९७० च्या दशकात हिंदुस्थानातील लष्करी व चर्चच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ती अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे २६ नोव्हेंबर १८३१ रोजी जन्मल्याचे आढळले. (ब्रिस्टो हा मुळात जाळी विणणाऱ्या कोळी या प्राण्याचा अभ्यासक होता. ॲनाचा मुलगा लुई याच्या चरित्राची जुळवाजुळव करताना तो या नोंदींपर्यंत पोहोचला.) तिचे वडील टॉमस एडवर्ड्‌स हे कप्तान नसून साधे सार्जंट होते व तिच्या जन्मापूर्वीच वारले होते. ॲनाचा विवाहही पुण्यास, १८४९ च्या डिसेंबरात झाला. ॲनाची आई मेरी ॲन ग्लॅस्कॉट ही मुंबई सैन्यातील एका अधिकाऱ्याची मुलगी. तिची आई हिंदी असावी, असा तर्क पुढील चरित्रकारांनी केला आहे. थेट पुरावा नाही, पण त्या काळच्या छावण्यांतील चालरीत पाहता तो ग्राह्य वाटतो. तसे असेल, तर कार्लॉफच्या आईवडील दोघांकडेही हिंदी रक्त होते. ॲनाने आपल्या बहिणीच्या कुटुंबाशी संबंध तोडले होते. तेव्हा जन्मस्थान व वंश दडवण्याची रीत या घराण्यात कार्लॉफच्या दोन पिढ्या आधीपासून होती, असे म्हणता येते.

बालपण व शिक्षण : नऊ भावंडांत विल्यम सर्वांत धाकटा. आई लवकर वारल्याने त्याला थोरल्या भावंडांनी वाढवले. बालपण मिडलसेक्समधील एन्फील्ड येथे गेले. एन्फील्ड ग्रामर स्कूल, मर्चंट टेलर्स व अपिंगम या शाळांनंतर तो लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये दाखल झाला. घरची अपेक्षा वकिलातीच्या नोकरीची होती. भावांपैकी काही हिंदी मुलकी सेवेत गेले होते. जॉन टॉमस हा चीनमधील ब्रिटिश वकिलातीत चढत जाऊन पुढे ‘सर’ झाला. विल्यमला लहानपणी तोतरेपणा होता. तो त्याने प्रयत्नाने काबूत आणला, परंतु ‘स’चा बोबडा उच्चार शेवटपर्यंत गेला नाही. त्याचे पाय किंचित धनुष्याकृती होते व वर्ण भावंडांप्रमाणेच सावळा होता. १९०९ मध्ये पदवी न घेताच तो कॅनडास निघून गेला आणि तेथे शेतमजुरीसारखी मिळतील ती कामे करू लागला.

नावाचा वाद : ‘बॉरिस कार्लॉफ’ हे नाव १९११ च्या सुमारास, पहिली नाटक कंपनी गाठताना घेतलेले दिसते. त्याचा स्वतःचा खुलासा असा, की ‘कार्लॉफ’ हे आईच्या बाजूचे जुने कुलनाम आणि ‘बॉरिस’ कानाला बरे वाटले म्हणून जोडलेले. वर दिलेल्या वंशावळीत मिलार्ड, एडवर्ड्‌स, ग्लॅस्कॉट ही नावे येतात. स्लाव्ह नाव कोठेही नाही. मुलगी सेरा हिनेही असा पूर्वज आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले आहे. दुसरे मत हॅरल्ड मॅग्राथच्या ‘द ड्रम्स ऑफ जेपर्डी’ या कादंबरीतील बॉरिस कार्लोव्ह या पात्राकडे बोट दाखवते. पण ती कादंबरी १९२० ची, म्हणजे नाव घेतल्यानंतरची आहे. एडगर राइस बरोजच्या ‘द रायडर’मधील राजपुत्राचे नावही असेच मिळतेजुळते आहे. तेथेही कालक्रमाची तीच अडचण येते. उलट मॅग्राथनेच हे नाव एखाद्या नाट्यजाहिरातीत पाहिले असावे, असेही सुचवले गेले आहे. ते सिद्ध करणे कठीण आहे.

नाव बदलण्याचे कारण म्हणून घराण्याची अब्रू सांगितली जाते. सरकारी हुद्द्यांवरील भावांना नट भाऊ लाजिरवाणा वाटेल, अशी धास्ती त्याला होती. १९३३ मध्ये ‘द गूल’च्या चित्रीकरणासाठी तो इंग्लंडला आला, तेव्हा मात्र भाऊ त्याच्यासोबत छायाचित्र काढून घेण्यासाठी आपापसांत जागेवरून हुज्जत घालत होते, अशी आठवण आहे. अब्रूचे कारण खरे असले तरी पुरेसे वाटत नाही. सावळ्या वर्णाच्या इंग्रज तरुणाला त्या वेळच्या उत्तर अमेरिकेत पूर्व युरोपीय वाटणारे नाव घेणे सोयीचे होते, कारण त्यामुळे वर्णाबद्दलचा प्रश्न विचारला जाण्याआधीच मिटत असे. कायद्याने त्याने नाव बदलले नाही. दस्तऐवजांवर तो ‘विल्यम एच. प्रॅट, ऊर्फ बॉरिस कार्लॉफ’ अशी सही करी.

फिरत्या कंपन्या व मूकपट : नसलेला अनुभव एका नाट्य-दलालाला सांगून त्याने ब्रिटिश कोलंबियातील कॅम्लूप्स येथे जीन रसेल कंपनीत प्रवेश मिळवला. फेरेंट्‌स मोल्नारच्या ‘द डेव्हिल’ या नाटकात त्याला म्हातारा सावकार रंगवायचा होता. पडदा वर गेला तेव्हा आपला पगार आठवड्याला ३० डॉलर होता आणि खाली आला तेव्हा १५, असे तो पुढे सांगत असे. ३० जून १९१२ रोजी रेजायना शहराला चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा तो तेथेच होता. कंपनी बुडाल्यावर त्याने मलबा उपसण्याच्या मजुरीवर दिवस काढले. नंतर हॅरी सेंट क्लेअर कंपनीत तो बराच काळ होता. नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे या कंपनीचा मुक्काम लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माडीवरील नाट्यगृहात होता. आठवड्याला दोन नाटके बसवायची आणि नक्कल रातोरात पाठ करायची, ही तेथली शिस्त. दुय्यम भूमिकांतही स्वतंत्र चाल, स्वतंत्र खांदे आणि स्वतंत्र हात दाखवण्याची त्याची पुढची हातोटी येथेच घडली असावी.

हॉलीवुडमध्ये १९१९ पासून त्याची कामे दिसतात. ‘द होप डायमंड मिस्टरी’ या मालिकापटात हिंदू पुजारी व नोकर, किपलिंगच्या लाहोरच्या कथेवरील ‘विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी’मध्ये (१९२१) अहमद खान, शिवाय अरब, मेक्सिकन, मूळ अमेरिकन अशा ‘परकीय’ भूमिका त्याच्या वाट्याला आल्या. ज्या वर्णाबद्दल तो बोलत नव्हता, त्याच वर्णावर त्याची रोजी चालली होती. मधल्या काळात त्याने मालमोटारीही चालवल्या. ‘द बेल्स’मधील (१९२६) संमोहनकार हे त्या दशकातील लक्षात राहणारे काम होय.

फ्रँकन्स्टाइन : १९३० मध्ये लॉस अँजेलिसच्या रंगमंचावर व लगेच हॉवर्ड हॉक्सच्या चित्रपटात त्याने ‘द क्रिमिनल कोड’मधील कैदी गॅलोवे रंगवला. फितुराला कोपऱ्यात गाठून ठार मारण्याचा त्यातील प्रसंग त्याने जवळपास शब्दाविना, नुसत्या चालीवर पेलला आहे. दिग्दर्शक जेम्स व्हेलने त्याला युनिव्हर्सलच्या उपाहारगृहात प्रथम हेरले, ही प्रचलित कथा. व्हेलचा सहचर डेव्हिड लुइस याच्या मते, ‘द क्रिमिनल कोड’ पाहून कार्लॉफचे नाव आपणच सुचवले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘ड्रॅक्युला’मुळे गाजलेला नट बेला लुगोसी याने संवाद नाहीत म्हणून भूमिका नाकारली, हे लुगोसीच्या बाजूचे कथन. आधी नेमलेला दिग्दर्शक रॉबर्ट फ्लोरी याच्या हातून चित्रपट काढून व्हेलकडे दिल्यावर लुगोसी आपोआप बाहेर पडला, हे दुसरे मत अधिक संभवनीय वाटते.

रंगभूषा जॅक पिअर्सची. शल्यविशारद मेंदू बसवण्यासाठी कवटी वरून सरळ कापून भांड्याच्या झाकणासारखी उघडेल, म्हणून माथा सपाट, असे त्याचे समर्थन होते. कल्पनेत व्हेलच्या रेखाटनांचाही वाटा असल्याचे मानले जाते. रोज सुमारे चार तास कापूस व कोलोडियन (वाळल्यावर पापुद्रा धरणारा चिकट द्रव) यांचे थर चढत. कृष्णधवल चित्रफितीवर प्रेतासारखा फिकटपणा उमटावा म्हणून हिरवट रंग लावला जाई. मानेच्या दोन बाजूंची टोके खिळे नसून विजेचे ध्रुव आहेत. कार्लॉफच्या स्वतःच्या दोन गोष्टी यात आहेत. डोळे फार शहाणे दिसतात, असे त्याला वाटले, म्हणून पापण्यांवर मेण चढवून त्या जड केल्या. एका बाजूची दातांची कवळी काढून त्याने गालाला खळगा आणला. बूट प्रत्येकी पाच-सहा किलोंचे होते आणि कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड ठेवल्या, त्यामुळे हात लांब वाटत.

तळ्याकाठच्या प्रसंगात लहान मारिया त्याला फुले देते. दोघे फुले पाण्यात सोडतात, ती तरंगतात. फुले संपल्यावर तीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून फेकतो. मुलीला फेकण्यास कार्लॉफचा चित्रीकरणाच्या वेळीच विरोध होता. परीक्षण मंडळांनी नेमका हाच तुकडा कापला. परिणामी पुढे प्रेक्षकांना दिसे ते एवढेच, की तो मुलीकडे हात पुढे करतो आणि नंतर बाप तिचे प्रेत घेऊन गावात येतो. काटछाटीने निरागस चूक अधिक ओंगळ झाली. तुकडा १९८० च्या दशकात पुन्हा जोडण्यात आला. आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे केवळ प्रश्नचिन्ह होते. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकन्स्टाइन’मध्ये मात्र ‘कार्लॉफ’ एवढे आडनाव पुरले. या दुसऱ्या चित्रपटात राक्षस बोलू लागतो, ते त्याला पसंत नव्हते. समीक्षकांनी बहुधा उलट कौल दिला आहे. तिसऱ्यांदा ही भूमिका त्याने ‘सन ऑफ फ्रँकन्स्टाइन’मध्ये (१९३९) केली व नंतर चित्रपटांपुरती ती सोडली.

इतर चित्रपट : ‘द ममी’त (१९३२) पट्ट्यांत गुंडाळलेला देह फक्त सुरुवातीस काही क्षण दिसतो. उरलेल्या चित्रपटात तो फेज टोपी घातलेला संथ, कोरडा इजिप्शियन आहे. ‘द ओल्ड डार्क हाउस’ (१९३२), जॉन फोर्डचा ‘द लॉस्ट पेट्रोल’ (१९३४), एडगर उल्मरचा ‘द ब्लॅक कॅट’ (१९३४) हे त्या काळातील अन्य उल्लेखनीय चित्रपट. चित्रीकरणाच्या अनिर्बंध तासांचा जाच सोसलेला कार्लॉफ १९३३ मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटसंघाच्या आद्य सभासदांपैकी एक होता. त्याचा सभासद क्रमांक ९. सी. ऑब्री स्मिथच्या हॉलीवुड क्रिकेट क्लबशीही त्याचा संबंध होता.

चरित्रनट म्हणून त्याचे उत्कृष्ट पडद्यावरील काम कोणते, याविषयी मतभेद आहेत. व्हॅल ल्यूटनची निर्मिती असलेल्या ‘द बॉडी स्नॅचर’मधील (१९४५) गाडीवान जॉन ग्रे याला येथे अग्रक्रम देणे उचित होईल. एडिंबरोच्या वैद्यकशाळेला प्रेते पुरवणारा हा इसम लहान मुलीशी प्रेमाने बोलतो, मांजराला गोंजारतो आणि प्रतिष्ठित डॉक्टरला गोड हसत छळतो. रंगभूषेचा आधार जवळजवळ नाही. ल्यूटननेच आपल्याला राक्षसांच्या साच्यातून सोडवले, असे कार्लॉफ मानत असे.

रंगभूमी : ब्रॉडवेवर तो प्रथम आला तो ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मधून (१० जानेवारी १९४१, फुल्टन थिएटर). जोनाथन ब्रूस्टर हा खुनी ‘मी बॉरिस कार्लॉफसारखा दिसतो म्हणून’ खून केल्याचे सांगतो, आणि हे वाक्य खुद्द कार्लॉफच्या तोंडी होते. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांपुढे उभे राहण्याची त्याला विलक्षण धास्ती होती. नाटकाचे १,४४४ प्रयोग झाले. चित्रपटासाठी निर्मात्यांनी त्याला नाटकातून सोडले नाही, म्हणून ती भूमिका रेमंड मॅसीकडे गेली. ‘द लिंडन ट्री’ (१९४८) व ‘द शॉप ॲट स्लाय कॉर्नर’ (१९४९) लवकरच बंद पडली. ‘पीटर पॅन’मध्ये (१९५०) त्याने कॅप्टन हुक व मिस्टर डार्लिंग या दोन्ही भूमिका केल्या. या नाटकाचे ३२१ प्रयोग झाले. जॉन ऑफ आर्कवरील ‘द लार्क’मधील (१९५५) बिशप कोशाँ हा त्याच्या रंगकार्याचा कळस. जूली हॅरिससमोर उभा राहून त्याने न्यायाधीशाचा खलनायक न करता दमलेला, दयाळू माणूस उभा केला. या भूमिकेसाठी टोनी पारितोषिकाकरिता त्याचे नामांकन झाले.

उत्तरकाल : १९५९ मध्ये तो इंग्लंडला परतला. ‘थ्रिलर’ (१९६०–६२) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा तो सूत्रधार होता. ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ (१९६६) या व्यंगचित्रपटाचे निवेदन त्याचे असून त्याच्या ध्वनिमुद्रिकेस बालविभागातील ग्रॅमी मिळाले. त्यातील गाणे मात्र थर्ल रेव्हन्स्क्रॉफ्टने गायले आहे, तरीही ते अनेकदा कार्लॉफच्या नावावर खपते. पीटर बोग्दानोविचच्या ‘टार्गेट्‌स’मध्ये (१९६८) निवृत्तीच्या बेतात असलेला भयनट बायरन ऑर्लॉक त्याने रंगवला. समाराच्या भेटीची (मृत्यूला चुकवू पाहणारा त्याच्याच हाती सापडतो, ही) जुनी कथा तो त्यात एका सलग दृश्यात सांगतो. त्या वेळी त्याच्या पायाला आधारपट्टी होती व फुप्फुसे निकामी होत चालली होती. मेक्सिकन निर्मात्यांसाठी त्याने लॉस अँजेलिसमध्ये पाठोपाठ चित्रित केलेले चार चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाले. त्यांचे मोल कलाकृती म्हणून फारसे नाही.

ससेक्समधील मिडहर्स्ट येथे त्याचे निधन झाले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल या नटांच्या चर्चमध्ये त्याची स्मृतिपट्टिका आहे. अमेरिकी टपाल खात्याने १९९७ मध्ये भयपटांवरील तिकिटांत त्याला फ्रँकन्स्टाइनचा राक्षस व ममी अशा दोन रूपांत छापले.